टीव्हीवर पाहुण्या संघाला कमी दाखवतात का? आतलं माहीत असणाऱ्यांनी सांगा

लेफ्टविंग_मुंबई

मी आयएसएलमधल्या (इंडियन सुपर लीग) मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचा समर्थक आहे, तेव्हा माझं म्हणणं तेवढं लक्षात ठेवूनच वाचा. पण ही गोष्ट अनेक हंगाम डोक्यात घोळतेय.

आमचा सामना बाहेरच्या मैदानावर होता. कोणता सामना आणि कोणती वाहिनी ते मुद्दाम लिहीत नाही, कारण मग सगळी चर्चा त्या एका निकालावर जाईल. सत्तराव्या मिनिटाच्या आसपास आमचा विंगर बॉक्समध्ये शिरला. त्यांच्या बॅकने मागून पाय घातला आणि आमचा माणूस आडवा झाला. रेफरीने हाताने 'चालू द्या' अशी खूण केली. ठीक आहे, तो त्याचा निर्णय. पण सामना संपेपर्यंत तो प्रसंग पुन्हा दाखवलाच नाही. एकदाही नाही! समालोचक 'पेनल्टीचं अपील होतं' एवढं बोलून पुढे गेला. आणि पहिल्या हाफमध्ये काय झालं होतं? त्यांच्या स्ट्रायकरचा शॉट आमच्या डिफेंडरच्या हाताला लागला की खांद्याला, हे तीन कोनांतून, स्लो मोशनमध्ये, थांबवून थांबवून दाखवलं होतं. वर 'मुंबई वाचली' हेही ऐकावं लागलं.

दुसरी गोष्ट नावांची. आमच्या छांगतेचं नाव आता सगळ्यांना पाठ आहे, कर्णधार झाला, गोल करतो. पण बेंचवरून मिझोरमचा किंवा मणिपूरचा एखादा विशीतला पोरगा आत आला की समालोचक अडखळतो, मग 'मुंबईचा बदली खेळाडू' म्हणून वेळ मारून नेतो. त्या पोराची आई घरी टीव्हीपुढे बसलेली असेल. तिच्या मुलाचं नाव देशाच्या टीव्हीवर एकदा तरी धड घ्यायला नको का?

प्रक्षेपणात काम केलेलं कोणी इथे असेल तर खरं काय ते सांगा. कोणता रिप्ले दाखवायचा हे कोण ठरवतं? वरून काही सांगितलेलं असतं का? आणि तक्रार करायची झाली तर कुठे करायची?

---

हिरवा_मरून_ठाणे

ठाण्यात वाढलोय, पण घरात तीन पिढ्या मोहन बागान. तुम्हाला सांगू का, आमच्या ग्रुपवर दर आठवड्याला हीच तक्रार असते, फक्त उलट्या बाजूने. तिथे लोक म्हणतात की मुंबई सिटीच्या मागे २०२५ पर्यंत मँचेस्टर सिटीवाला सिटी फुटबॉल ग्रुप होता, परदेशी पैसा होता, म्हणून टीव्हीवाल्यांची ती लाडकी. मुंबईविरुद्धच्या सामन्यानंतर तुमच्या ग्रुपवर आणि आमच्या ग्रुपवर एकाच समालोचकाला एकाच वेळी शिव्या पडत असणार.

कॉलेजात मानसशास्त्र शिकताना एक जुना अभ्यास वाचला होता. १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या अमेरिकन कॉलेजांचा सामना झाला. तो अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे. सामना फार दांडगाईचा झाला होता. नंतर दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना तीच फिल्म दाखवून नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे जितके नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनवाल्यांना दिसले. फिल्म एकच होती.

म्हणून मला तरी वाटतं की आपण सगळे आधी रागावतो आणि मग मोजतो.

---

लेफ्टविंग_मुंबई

दादा, पटलं. पण माझ्या प्रसंगात मोजण्यासारखं काही नाहीच. रिप्ले दाखवला किंवा नाही दाखवला, एवढंच आहे. तो दाखवला नाही. रेकॉर्डिंग पुन्हा पाहिलंय मी.

---

रिप्लेवाला

मी बरीच वर्षं ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे मैदानाबाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत, रिप्लेवर बसलोय. फुटबॉल, कबड्डी, क्रिकेट, जे काम आलं ते केलं. आता त्या धंद्यात नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

आधी तुमची पेनल्टी. रिप्ले दाखवायचा की नाही हे डायरेक्टर ठरवतो, तेही सेकंदात. आमच्यासमोर चार-सहा कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग सतत फिरत असतं. काही घडलं की आम्ही क्लिप कापतो आणि टॉकबॅकवर ओरडतो, 'पेनल्टी रेडी, दोन अँगल!' डायरेक्टरला हवी असेल तर तो घेतो. पण चेंडू खेळात असताना शहाणा डायरेक्टर रिप्लेवर जात नाही, कारण रिप्ले चालू असताना गोल झाला तर तो गोल देशभरात कोणालाच लाइव्ह दिसत नाही. त्या व्हॅनमधल्या प्रत्येकाला झोपेतसुद्धा याच गोष्टीची भीती असते.

रेफरीने खेळ चालू ठेवला म्हणजे चेंडू जिवंत राहिला. आता रेकॉर्डिंग पुन्हा लावा आणि पेनल्टीनंतर चेंडू पहिल्यांदा कधी थांबला ते बघा. माझा अंदाज असा की तिथून काउंटर गेला, दुसऱ्या टोकाला फाउल झाला, कार्ड निघालं. आता डायरेक्टरला कार्डाचा रिप्ले आधी हवा, कारण पडद्यावर कार्ड दिसतंय आणि फाउल दिसलेला नाही. तेवढ्यात चौथा रेफरी बोर्ड घेऊन उभा राहतो, बदली होते, ग्राफिक येतं. माझी क्लिप मशीनमध्ये तशीच पडून राहते. पहिल्या हाफमधला हँडबॉल बघा. चेंडू डिफेंडरला लागून बाहेर गेला असणार, म्हणजे कॉर्नर. कॉर्नर घ्यायला अर्धा मिनिट सहज जातो. तेवढ्यात तीन अँगल आरामात बसतात. आपल्या लीगमध्ये व्हीएआर (व्हिडिओ बघून रेफरीचा निर्णय तपासायची सोय) असता तर पेनल्टीची तपासणी झाली असती, खेळ थांबला असता आणि तुम्हाला तो प्रसंग कंटाळा येईपर्यंत दिसला असता.

तरीही एक प्रश्न उरतो आणि तिथे तुमची तक्रार खरी आहे. सामना संपल्यावर, विश्लेषणात, तो प्रसंग का आला नाही? तिथे वेळ असतो. तिथे न दाखवणं हा कोणाचा तरी निर्णय असतो.

आता खरा पक्षपात कुठे असतो ते सांगतो. पहिली शिट्टी वाजण्याआधी. सामन्याच्या सकाळी किंवा आदल्या दिवशी मीटिंग होते. आजची गोष्ट कोणाची, हे तिथे ठरतं. मुख्य कॅमेरे सगळ्यांना सारखेच असतात. मध्यरेषेवर वरून एक वाइड आणि एक टाइट, दोन्ही बॉक्सच्या रेषेत ऑफसाइडसाठी एकेक, गोलच्या मागे, खाली हातातला. पण जास्तीचा एखादा कॅमेरा असेल तर तो 'आयसो' म्हणून एकाच खेळाडूच्या मागे लावतात. तो खेळाडू बहुतेक वेळा ज्याची जाहिरात आठवडाभर चाललीय तोच असतो. मग त्याने चेंडू चुकवला तरी त्याचा चेहरा, हात डोक्यावर, आकाशाकडे बघणं, सगळं माझ्याकडे असतं. पाहुण्या संघाच्या लेफ्ट बॅकने गोललाइनवरून चेंडू काढला तर माझ्याकडे फक्त वाइड शॉट असतो, त्यात तो बोटाएवढा दिसतो. डायरेक्टर विचारतो, 'क्लोज आहे?' मी म्हणतो, 'नाही.' तो पुढे जातो. तिथे कोणाच्या मनात पाप नसतं. पण सकाळी मीटिंगमध्ये एकाने बोट दाखवलेलं असतं, आणि नव्वद मिनिटं आम्ही सगळे त्या बोटाच्या दिशेने चालत असतो.

आवाजाचंही तसंच. मैदानाभोवती जे माइक लावतात त्यांना यजमानांचाच आवाज जास्त मिळतो, कारण आपल्याकडे अंतरं एवढी मोठी की पाहुण्यांचे समर्थक मूठभरच येतात. गोंगाटाचा परिणाम तर शिकलेल्या रेफरींवरही होतो. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. ४० पात्र रेफरींना लिव्हरपूल-लेस्टर सामन्यातले ४७ टॅकल दाखवले, काहींना आवाजासह, काहींना आवाज बंद करून. गोंगाट ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. मग हेडफोनमध्ये तोच गोंगाट घेऊन बसलेल्या समालोचकाचं काय होत असेल?

आणि समालोचक. लोक सगळ्यात जास्त शिव्या त्याला देतात. अनेकदा तो मैदानावर नसतोच, दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओत तुमच्यासारखाच पडदा बघत असतो. जो रिप्ले त्याला मिळाला नाही त्यावर तो काय बोलणार? नावांबद्दल मात्र त्याला माफी नाही. टीमशीट सामन्याच्या तासभर आधी येते, पण पथकातली नावं हंगामाच्या सुरुवातीपासून जाहीर असतात. ब्राझीलच्या खेळाडूचं नाव नीट म्हणायला शिकतो, तर मिझोरमच्या पोराचंही शिकता येतं. तुम्ही त्या आईबद्दल लिहिलंत ते वाचून मला बरं वाटलं. व्हॅनमध्ये आम्ही काहीजण हे बोलायचो, वर कोणी ऐकायचं नाही.

---

कूपरेजचा_जुना

तुम्ही सगळे आयएसएलच्या आतलं भांडण भांडताय. माझं दुखणं त्याच्या आधीचं आहे.

मी मुंबई एफसीचा माणूस. आयएसएलच्या आधीपासूनच्या आय-लीगमध्ये होती ती, कूपरेजवर खेळायची, २०१७ मध्ये खाली घसरली. आम्हाला कळलेला पक्षपात रिप्लेचा नव्हता, सामना मुळात दिसतोय की नाही याचा होता. दुपारी २ वाजता उन्हात सामना. शाळा, कॉलेज, ऑफिस सगळं चालू. स्टँड रिकामा. आणि मग तोच रिकामा स्टँड दाखवून म्हणायचं, बघा, या क्लबांना प्रेक्षकच नाहीत.

पैशाचं गणित समजून घ्या. २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी १५ वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. २०१४ मध्ये आयएसएल आली आणि ती चालवणाऱ्या कंपनीत प्रक्षेपण करणाऱ्या स्टारचाच हिस्सा होता. म्हणजे सामने दाखवणारा आणि लीगचा भागीदार एकच. २०१७-१८ पासून दोन्ही लीग एकाच काळात, एकाच नेटवर्कवर. स्वतःचा हिस्सा असलेली लीग संध्याकाळी आणि दुसरी उरलेल्या वेळेत, यात आश्चर्य कसलं? डिसेंबर २०१८ मध्ये हंगाम चालू असताना आय-लीगचे कित्येक सामने टीव्हीच्या वेळापत्रकातून काढले गेले, तेव्हा क्लब उघडपणे चिडले. २०१९ च्या सुपर कपमधून अनेक आय-लीग क्लबांनी माघार घेतली, त्यामागे ही सगळी साठलेली नाराजी होती. त्याच वर्षापासून आयएसएल देशाची पहिली लीग ठरली.

आणि हे होण्याच्या दोनच वर्षं आधी, २०१६-१७ मध्ये, ऐझॉलने आय-लीग जिंकली होती. ईशान्येतला पहिला विजेता क्लब. प्रशिक्षक खालिद जमील, आमच्या मुंबई एफसीतून गेलेला माणूस! ती गोष्ट दुसऱ्या एखाद्या देशात टीव्हीने वर्षभर सांगितली असती. आपल्याकडे ती आठवडाभर टिकली. रिप्लेवाला म्हणतात ना, की सकाळच्या मीटिंगमध्ये कोणीतरी बोट दाखवतं, तेच इथे संपूर्ण लीगच्या बाबतीत झालं.

सरकारी बाजूचंही सांगतो, कारण 'राष्ट्रीय' शब्द आला की लोकांना दूरदर्शन आठवतं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तो खटला क्रिकेटच्या हिरो कपवरून उभा राहिला होता. २००७ मध्ये कायदा झाला की राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं सिग्नल खासगी वाहिनीने प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यायचं. जाहिरातींच्या उत्पन्नाचे ७५ टक्के मूळ वाहिनीला, २५ टक्के प्रसार भारतीला. 'राष्ट्रीय महत्त्वाचे' कोणते, ते सरकार यादी काढून ठरवतं. भारताच्या पुरुष क्रिकेट संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने त्यात सरसकट आले. देशातल्या फुटबॉल लीगला तसं स्थान मिळालं नाही. मग भारताचा तेव्हाचा कर्णधार सुनील छेत्री याला काय करावं लागलं? १ जून २०१८ ला अंधेरीत भारत चायनीज तैपेईविरुद्ध ५-० जिंकला, छेत्रीने हॅटट्रिक केली, आणि प्रेक्षक होते २५६९. त्याने स्वतः व्हिडिओ काढून लोकांना हात जोडले की मैदानावर या, हवं तर शिव्या द्या, पण या. तीनच दिवसांनी केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्याला, तेच मैदान तुडुंब भरलं. मी त्या गर्दीत होतो. पाऊस धो धो पडत होता, कोणी जागचं हललं नाही. लोकांना फुटबॉल नको असतो हे मला पुन्हा कोणी सांगू नये.

---

करवीर_१०

कोल्हापूरहून लिहितोय. भावांनो, तुमची पेनल्टी दाखवली नाही म्हणून तुम्ही चिडलाय, आमची भाषाच दाखवत नाहीत.

२०२२ चा फुटबॉल विश्वचषक मोबाइलवर जिओसिनेमा ॲपवर फुकट होता. समालोचन पाच भाषांत: इंग्रजी, हिंदी, बंगाली, मल्याळम, तमिळ. मराठी नाही. त्याच ॲपवर पुढच्या वर्षी आयपीएल आली तर बारा भाषा, त्यात मराठी होती! म्हणजे मराठी समालोचक मिळतात, स्टुडिओ मिळतो, पैसेही मिळतात. फक्त फुटबॉलला मिळत नाहीत. कुणीतरी बसून ठरवलंय की मराठी माणूस फुटबॉल बघत नाही.

शाहू स्टेडियमवर येऊन बघा म्हणावं. पाटाकडील आणि दिलबहार या आमच्या तालीम संघांचा सामना असला की दुपारपासून पेठा रिकाम्या होतात. म्हातारी माणसं, बायका, पोरं, सगळी मैदानावर. आमचे सामने यूट्यूबवर जातात, तिथे मराठीतच समालोचन चालतं आणि ऐकणाऱ्याला कळतं की बोलणारा स्वतः खेळलेला आहे. कोणता पोरगा कुठल्या गल्लीतला, त्याच्या काकानं कुठल्या साली कुणाला हरवलं, सगळं त्याला तोंडपाठ. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तो आमच्या कोल्हापूरचा. त्या सामन्यांना एक तरी मराठी आवाज असता तर आमच्या पोरांना काय वाटलं असतं!

बंगाली आणि मल्याळममध्ये समालोचन आहे याचं मला वाईट वाटत नाही. त्यांनी मागितलं, ते मोठ्या संख्येनं बघतात, त्यांना मिळालं. मुंबई सिटीच्या समर्थकांनी आमच्याबरोबर मराठीसाठी मागणी करावी एवढंच म्हणणं आहे. तुमचा क्लब आहे, तुमचं नाव मोठं आहे. आमचं ऐकायला लीगमध्ये आमचा क्लब नाही.

---

लेफ्टविंग_मुंबई

करवीर, ही मागणी मी आमच्या समर्थक गटात नक्की मांडतो. खरं सांगतो, मी कायम इंग्रजी समालोचनच लावतो आणि मराठी नाही याची खंत मला कधी आतून जाणवली नव्हती. आता जाणवतेय.

रिप्लेवाला, रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. पेनल्टीनंतर चेंडू थेट दुसऱ्या टोकाला गेला, तिथे आमच्या मिडफिल्डरला पिवळं कार्ड, मग त्यांचे दोन बदल. तुम्ही म्हणालात तसंच. सामन्यानंतरच्या कार्यक्रमातही प्रसंग नाही, तिथे आठ मिनिटं यजमान स्ट्रायकरच्या मुलाखतीला आणि त्याच्या चुकलेल्या संधींना. तक्रार त्या आठ मिनिटांची करायला हवी. पण कोणाकडे?

---

रिप्लेवाला

कायदेशीर वाट आहे. २०२१ च्या नियमांनुसार टीव्ही वाहिनीने प्रेक्षकाच्या तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आणि १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. पण ती व्यवस्था कार्यक्रम संहितेच्या भंगासाठी आहे, आणि एका संघाला कमी दाखवलं हा तसा भंग ठरवणं अवघड. 'तुम्ही पक्षपाती आहात' असं लिहाल तर गोड शब्दांत नकार येईल.

त्यापेक्षा क्लबमार्फत जा. क्लबचा मीडिया विभाग आणि प्रक्षेपणाची टीम यांचं रोज बोलणं असतं, आणि क्लबचं म्हणणं मीटिंगपर्यंत पोचतं. पाच-सहा बाहेरच्या सामन्यांच्या नोंदी करा. कितवं मिनिट, काय घडलं, त्यानंतर चेंडू थांबला होता का, रिप्ले आला का, हाफटाइमला किंवा शेवटी आला का. चेंडू चालू असताना राहिलेले प्रसंग यादीतून काढून टाका, नाहीतर पहिल्याच ओळीवर तुम्हाला खोडून काढतील. उरलेल्या यादीसोबत एकच मागणी करा: बाहेरच्या सामन्यातही आपल्या एका खेळाडूवर आयसो ठेवा, निदान एका हाफसाठी. जादा कॅमेरा आलेलाच असेल तर याला वेगळा खर्च नाही, म्हणून नाही म्हणायला कारण उरत नाही.

आणि नावांचं काम तर क्लब उद्याच करू शकतो. प्रत्येक खेळाडूने फोनवर स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडून दोनदा म्हणायचं आणि ती रेकॉर्डिंग समालोचकांना पाठवायची. माझ्या एका कामात पाहुण्या क्लबने हे केलं होतं. समालोचकाने सामन्याआधी व्हॅनमागे उभं राहून सगळी नावं ऐकली, वहीत देवनागरीत लिहून घेतली, आणि त्या रात्री बेंचवरच्या शेवटच्या पोराचंही नाव बरोबर घेतलं. करवीर, मराठी समालोचनासाठी निवेदन काढाल तेव्हा मसुदा मला दाखवा. कुठल्या खुर्चीवरच्या माणसाला लिहायचं ते मी सांगेन.